स्पीडोमीटरची केबल वारंवार तुटते, काटा थरथरतो : जुन्या पद्मिनीतील दोषाचा शोध आणि दुरुस्ती

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि त्यांच्या पश्चात तिची देखभाल माझ्याकडे आली. गाडी रोज रस्त्यावर नसते. सातारा शहरातली कामे, महिन्यातून एखाद-दोन वेळा कोरेगाव किंवा कराड, आणि पाहुणे आले की यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत, एवढाच तिचा प्रवास. या गाडीने चार वर्षांत मला तीन वेळा स्पीडोमीटरची केबल बदलायला लावली. प्रत्येक वेळी घटनाक्रम तोच होता. नवी केबल टाकल्यावर काही महिने काटा स्थिर चाले, मग तो ३० आणि ५० यांच्या दरम्यान थरथरू लागे, थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी बाहेर काढली की खऱ्या वेगापेक्षा बराच जास्त वेग दाखवी, डॅशबोर्डच्या मागून बारीक किरकिर ऐकू येई, आणि एके दिवशी काटा शून्यावर पडला की पुन्हा उठत नसे.

केबल हलक्या प्रतीची निघाली, असे मला प्रत्येक वेळी सांगण्यात आले आणि मीही ते मान्य केले, कारण मूळ कंपनीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत आणि बाजारात मिळणाऱ्या केबलबद्दल शंका घेणे सोपे असते. प्रत्यक्षात तिन्ही केबल ठीक होत्या. त्या ज्या कारणाने तुटत होत्या ते कारण गाडीतच राहत होते आणि नव्या केबललाही त्याच वाटेने नेत होते. ज्यांच्याकडे जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जीप आहे आणि ज्यांना हाच अनुभव येत आहे, त्यांच्यासाठी हा शोध कसा घ्यावा ते येथे सविस्तर लिहितो.

मीटर चालतो कसा

रचना समजून घेतली तर निम्मे निदान बसल्या जागी होते. गियर बॉक्सच्या मागच्या भागात, प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकांना गती नेणाऱ्या लांब दांड्याकडे, जाणाऱ्या दांड्यावर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग, असतो. त्यात गुंतलेले छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, केबलच्या आतली तार, म्हणजे इनर, फिरवते आणि ही तार बाहेरच्या नळीच्या, म्हणजे आउटरच्या, आत फिरत डॅशबोर्डमागच्या मीटरपर्यंत येऊन तिथल्या कायम चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही आणि ही वाटी चुंबकाला कोठे जोडलेलीही नसते. परंतु फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत विजेचे भोवरे, म्हणजे आवर्त प्रवाह, निर्माण होतात आणि ते वाटीला फिरण्याच्या दिशेने ओढू लागतात. वाटीच्या अक्षाला काटा जोडलेला असतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला शून्याकडे खेचून धरते. चुंबक जितक्या जोरात फिरेल तितकी ओढ वाढते, आणि ती ओढ व स्प्रिंगचा ताण जेथे सारखे होतात तेथे काटा थांबतो. जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले, आणि आपल्याकडच्या जुन्या मोटारींपासून स्कूटरपर्यंत तेच तत्त्व अनेक दशके चालत आले.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. काटा आणि केबल यांच्यामध्ये दाताला दात लागलेला नाही. त्यांच्यात फक्त चुंबकाची ओढ आहे. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच अक्षावरच्या वर्मने आणि बारीक गरारींनी थेट फिरतात. त्यामुळे काटा आणि आकडे या दोहोंकडे एकत्र पाहिले की दोष कोठे आहे ते कळू लागते. दोन्ही बंद असतील तर बिघाड चुंबकाच्या अलीकडे, म्हणजे केबलमध्ये, तिच्या चौकोनी टोकात किंवा गियर बॉक्सच्या पिनियनमध्ये असतो. आकडे पुढे सरकत आहेत पण काटा मेलेला आहे, असे असेल तर केबलला हात लावण्याचे कारणच नाही. दोष मीटरच्या आत, वाटीच्या टोकाशी किंवा स्प्रिंगमध्ये आहे. याच्या उलट काटा बरोबर चालत असून आकडे अडकले असतील तर मीटरमधली एखादी गरारी झिजली आहे किंवा तिचा दात गेला आहे. काटा कमी वेगाला थरथरून वेग वाढल्यावर स्थिर होत असेल तर तार धक्क्याधक्क्याने फिरते आहे, म्हणजे ती कोरडी पडली आहे, मुरडली आहे किंवा आउटरला कोठेतरी फार तीव्र वळण दिले आहे. काटा एकदम शेवटच्या आकड्याकडे झेपावून तेथेच राहत असेल तर वाटी चुंबकाला घासते आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा मीटरमध्ये तेल शिरले आहे. आणि काटा स्थिर असून प्रत्येक वेगाला ठराविक प्रमाणात कमी किंवा जास्त दाखवत असेल, तर तो बहुतेक वेळा टायरचा किंवा दातांच्या संख्येचा प्रश्न असतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आमच्या गाडीचे थंडीतले लक्षण मी दोन हिवाळे पाहिले आणि दुर्लक्षित केले, ही या प्रकरणातली माझी मोठी चूक. चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या अरुंद फटीत हवा असायला हवी. तेथे तेल शिरले तर चुंबकाची ओढ आणि तेलाची ओढ अशा दोन्हींनी वाटी फिरते, आणि गार तेल दाट असल्यामुळे सकाळी ही ओढ सर्वांत जास्त असते. गाडी तापली, मीटर थोडा गरम झाला, की तेल पातळ होऊन काटा खाली उतरतो. सकाळी जास्त आणि तासाभराने बरोबर, असा वेग दाखवणारा मीटर दिसला की तेलाचा संशय आधी घ्यावा.

तुटलेली केबल टाकून देऊ नये

तिसऱ्या वेळी मी आमच्या मिस्त्रींना म्हणालो, “मामा, जुनी केबल मला द्या, टाकू नका.” ते म्हणाले, “काय करताय वो तिचं? भंगारात बी कोण घेईना.” तरीही मी ती घरी आणली, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली, आणि तिथूनच खरा शोध सुरू झाला.

तुटलेल्या टोकाकडे नीट पाहावे. तारेचे पदर उलगडून त्यांचा कुंचला झाला असेल आणि दोन्ही चौकोनी टोके शाबूत असतील, तर तारेला पीळ बसून ती तुटली आहे. म्हणजे पुढचे यंत्र, बहुधा मीटरचा अक्ष, जड फिरत होता किंवा अधूनमधून अडकत होता. तुटण्याची जागा आउटरच्या वळणाशी असेल आणि तेथे तार घासून चकचकीत झाली असेल, तर दोष वळणाचा आहे. चौकोनी टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर तार लांबीला कमी पडत असून टोक खोबणीत पुरेसे शिरत नव्हते. आमच्या केबलचा कुंचला झाला होता आणि तिचे मधले पदर सैल पडले होते.

त्यानंतर मी तार पांढऱ्या सुती फडक्यात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली. गियर बॉक्सकडचा भाग तेलकट असेल अशी अपेक्षा होतीच. परंतु मीटरकडच्या शेवटच्या वीतभर भागावरही तेच काळपट, बोटाला ताणणारे आणि गंधकासारखा उग्र वास येणारे तेल फडक्यावर उतरले. केबलला लावतात त्या ग्रीसला असा वास नसतो. हे गियर बॉक्सचे तेल होते. तारेवर तार गुंडाळून केलेल्या इनरचा पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा असतो, आणि खाली पिनियनपाशी तेल अडवणारे सील गळू लागले की फिरती तार हे तेल थेंबाथेंबाने वर चढवीत राहते. मीटरमध्ये पोहोचलेल्या तेलात डॅशबोर्डमागची धूळ मिसळते, अक्षाच्या बुशमध्ये, म्हणजे अक्ष ज्यात फिरतो त्या बारीक नळीत, तिचा चिकट थर बसतो, अक्ष जड होतो, आणि सर्वांत कमकुवत असलेली तार तुटते. नवी केबल टाकली की तेलाला पुन्हा वर चढायला काही महिने लागतात. तेवढे महिने सगळे ठीक वाटते. चार वर्षांचे कोडे एवढेच होते.

खालच्या टोकाची तपासणी

मीटरमागचे केबलचे नट हाताने सोडवून केबल मोकळी करावी आणि मागचे एक चाक उचलून फिरवून पाहावे. येथे घाई करू नये. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असल्यामुळे या परीक्षेत तो सोडावाच लागतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून मोठे दगड लावावेत, आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता खाली भक्कम घोडी (स्टँड) द्यावी. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवले की दुसऱ्या माणसाला वरच्या टोकाशी तार फिरताना दिसली पाहिजे. एक चाक जमिनीवर आणि एक हवेत असताना डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरच्या जोडणीमुळे, प्रॉपेलर शाफ्ट नेहमीच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तार सावकाश फिरली तर तो दोष समजू नये. तार थांबत-थांबत फिरते का, एवढेच पाहावे.

गाडी पुन्हा चारही चाकांवर उभी करून, इंजिन बंद ठेवून, मग खालचे नट सोडावे आणि पिनियनसह आधाराचा तुकडा बाहेर काढावा. ही रचना गाडीगणिक थोडी बदलते, परंतु पिनियनच्या दांड्याभोवती तेल अडवणारे सील किंवा रबरी रिंग आणि आधाराच्या तुकड्याखाली पॅकिंग, असे साधारणपणे असते. आमच्या सीलचे रबर लाकडासारखे कडक झाले होते. एवढ्यावर समाधान मानून नवे सील बसवले असते तर ते वर्षभरात पुन्हा गळले असते, कारण पिनियनच्या दांड्यावर, सीलचा ओठ जेथे टेकतो तेथे, नख अडकेल इतका खोल चर पडला होता. चर पडलेल्या दांड्यावर नवे सील टिकत नाही. कराडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका दुकानात त्याच दातांचे पिनियन मिळाले. दातांची संख्या मोजूनच ते घ्यावे. एखाद्या दाताचा फरकही वेगाच्या आकड्यात कायमचा फरक पाडतो.

गियर बॉक्समधल्या तेलाची पातळीही पाहावी. तेल जास्त भरले असेल किंवा हवा सुटण्याचे छिद्र चिखलाने बुजले असेल, तर गरम झालेली आतली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. पातळी सपाट जागी पाहायची असते, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या आमच्या भागात गाडी उभी करायला सपाट जागा क्वचितच मिळते. मी आता हे काम मैदानाशेजारच्या रस्त्यावर करतो.

मीटर

मीटर उघडण्यापूर्वी किलोमीटरच्या आकड्यांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि काम संपल्यावर तेच आकडे आहेत याची खात्री करावी. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला तो आकडा खरा मिळाला पाहिजे. मीटर उघडण्याचे काम आत्मविश्वास असेल तरच स्वतः करावे, नाहीतर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या अनुभवी माणसाला आपल्यासमोर करायला सांगावे. माझ्या मते हे काम गॅरेजपेक्षा घड्याळजीच्या टेबलावर अधिक चांगले होते. काटा ओढून काढण्याचा मोह टाळावा. तो काढला तर पुन्हा नेमका त्याच जागी बसवणे फार कठीण असते, आणि स्वच्छतेसाठी तो काढावा लागत नाही. केसासारख्या स्प्रिंगला चिमट्याचे टोकसुद्धा लागू देऊ नये. जवळपास लोखंडाचा कीस नसावा, कारण चुंबक तो ओढून घेतो आणि एक कणही वाटीला घासत राहतो.

चुंबक आणि वाटी यांच्यामधले तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या अरुंद पट्टीने हळूहळू टिपून घ्यावे. हे द्रव आकड्यांच्या रंगावर सांडू देऊ नये. रंग उठला तर त्यावर उपाय नाही. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, कारण त्याने रंग आणि प्लास्टिक दोन्ही बिघडतात. अक्षाचा बुश याच द्रवाने धुऊन पूर्ण सुकल्यावर त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. काही मीटरच्या मागे यासाठी बारीक छिद्र असून त्यात तेल धरणारी वात असते. दुसरा थेंब घालू नये; आपण तेल काढण्यासाठीच बसलेलो आहोत.

मीटर परत बसवण्याआधी टेबलावरच त्याची परीक्षा करता येते, आणि ही परीक्षा मला सर्वांत समाधान देणारी वाटली. त्यासाठी केबल एका किलोमीटरमध्ये किती फेरे घेते हे माहीत हवे. काही जुन्या मीटरवर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. नसेल तर केबलचे वरचे टोक मोकळे ठेवून त्याला कागदाची छोटी झेंडी लावावी, सपाट फरशीवर किंवा रस्त्यावर टेपने २० मीटर मोजून खुणा कराव्यात, आणि दोघांनी गाडी न्यूट्रलमध्ये सावकाश ढकलत असता तिसऱ्याने झेंडीचे फेरे मोजावेत. स्टीअरिंगवर आणि ब्रेकवर माणूस असावाच. आलेल्या फेऱ्यांना ५० ने गुणले की किलोमीटरचे फेरे मिळतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, त्यामुळे किलोमीटरचे जितके फेरे तितकेच फेरे मिनिटाला दिले की काट्याने ६० दाखवायला हवे. उदाहरणार्थ २० मीटरमध्ये १३ फेरे मोजले गेले तर किलोमीटरला ६५० होतात, आणि मिनिटाला ६५० फेऱ्यांवर काटा ६० वर यायला हवा. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिल मशीनमध्ये जुन्या केबलचा तुकडा धरून मीटर फिरवता येतो. सुरुवात अगदी मंद करावी. काटा शून्याच्याही मागे रेटला जात असेल तर ड्रिलची दिशा उलटी करावी.

केबल बसवताना

नवी तार आधी हातात इंग्रजी यू अक्षरासारखी धरून एक टोक बोटांनी फिरवावे. दुसरे टोक सलग फिरले तर तार चांगली. ते अडून मग एकदम उडी घेत असेल तर तार मुरडलेली आहे आणि ती लावली तर काटा थरथरणारच, मग ती आजच दुकानातून आणलेली का असेना. खालचे टोक पक्के बसल्यावर वरच्या बाजूला आउटरबाहेर तारेचे टोक सुमारे १० मिलिमीटर दिसावे. जास्त असेल तर नट आवळताना तार मीटरच्या अक्षाला रेटते आणि बुश खाते; कमी असेल तर टोक खोबणीतून निसटते. ग्रीस पातळ थरात, आणि फक्त खालच्या भागात लावावे. वरचा २० सेंटिमीटर भाग कोरडा पुसून ठेवावा, म्हणजे ग्रीस मीटरमध्ये चढत नाही. आउटरला कोठेही सुमारे १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देऊ नये, आणि मीटरमध्ये शिरण्यापूर्वीचे पाच सेंटिमीटर तरी ते सरळ असावे. आमच्या गाडीत आउटर स्टीअरिंगच्या नळीजवळ कोणीतरी तारेने करकचून बांधले होते. ती गाठ सोडल्यावरच किरकिर निम्मी कमी झाली. इंजिनच्या खोलीतून केबल आत येते त्या छिद्राचे रबर फाटलेले असेल तर तेही बदलावे. कासच्या पावसात तेथून पाणी आउटरवरून ओघळत आत येते आणि आउटरला कोठे चीर असेल तर तार गंजते.

खात्री कशी करावी

काम झाल्यावर राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, लिंब खिंडीसारखा चढ-उतार टाळून, सपाट व सरळ पट्ट्यात डावीकडच्या मार्गिकेतून गाडी काट्याप्रमाणे ताशी ६० वर स्थिर ठेवली आणि शेजारी बसलेल्या मुलीने पिवळ्या डोक्याच्या दोन लागोपाठच्या किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजला. ३६०० ला सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो: ६० सेकंद लागले तर ६०, ७२ लागले तर ५०. एकाच किलोमीटरवर विसंबू नये, सलग चार-पाच दगडांची सरासरी घ्यावी. मोबाइलमधल्या जीपीएसनेही हे होते, परंतु घाटात त्याचा आकडा उशिरा बदलतो, म्हणून तेही सपाटीलाच पाहावे.

येथे फरक आढळला आणि तो प्रत्येक वेगाला सारख्याच प्रमाणात असला तर टायरचे माप तपासावे. पद्मिनीला मूळचे ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय टायर असत. आता बहुतेक जण मिळेल तो रेडियल बसवतात. १५५/८० आर १४ या टायरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर भरतो आणि १६५/६५ आर १४ चा सुमारे ५७०. पहिल्यावर बरोबर असलेला मीटर दुसरे टायर लावल्यावर खऱ्या ६० ला साधारण ६३.५ दाखवील, आणि किलोमीटरचे आकडेही त्याच प्रमाणात जास्त पडतील. अशा वेळी मीटरमधली स्प्रिंग छेडण्याऐवजी योग्य मापाचे टायर घ्यावेत. मीटर वर्षानुवर्षे सगळ्याच वेगांना कमी कमी दाखवत गेला असेल आणि टायर मात्र बरोबर असतील, तर चुंबक क्षीण झालेला असण्याची शक्यता राहते. तो पुन्हा भारित करण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

चालू स्पीडोमीटर असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे आवश्यक आहे, आणि पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. त्यामुळे हे काम नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये.

सील, पिनियन आणि चौथी केबल बसवून आता दोन पावसाळे झाले आहेत. मे महिन्याच्या अखेरीस मी मीटरमागचे नट सोडतो, तारेचे वरचे टोक पांढऱ्या फडक्याने पुसतो आणि फडके उजेडात धरून पाहतो. यंदाही ते कोरडे निघाले.